मातामृत्यूचे उत्तर कोणी द्यायचे ?

१२ एप्रिल २००५ रोजी केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना सुरू केली. तिचा हेतू सरळ होता. बाळंतपणे घरी होतात, म्हणून बायका मरतात. तेव्हा बाळंतपण दवाखान्यात व्हावे यासाठी रोख रक्कम द्यावी. उत्तर प्रदेश, बिहार यांसारख्या मागे पडलेल्या राज्यांत ग्रामीण भागातील स्त्रीला १४०० रुपये आणि तिला घेऊन येणाऱ्या आशा कार्यकर्तीला वेगळे मानधन, असा तो हिशोब होता. योजनेचे यश आकड्यांत दिसते. उत्तर प्रदेशात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण २०.६ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८३.४ टक्क्यांवर गेले. सरकारी योजनांमध्ये इतके स्पष्ट यश क्वचितच पाहावयास मिळते. त्यासाठी राबलेल्या आशा, परिचारिका आणि अधिकाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मातामृत्यूही कमी झाले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ मध्ये उत्तर प्रदेशात (उत्तराखंडासह) दर लाख जिवंत जन्मांमागे ४४० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा १६७ झाला. पण त्याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३३ आणि केरळचा १९ होता. प्रसूती घराऐवजी दवाखान्यात आणण्याचे काम बहुतांशी झाले असताना हे पाच पटींचे अंतर का उरावे, हा खरा प्रश्न आहे. बाई घरी मरत होती तेव्हा अज्ञान, दारिद्र्य, रस्ता, सासू, अंधश्रद्धा अशी पुष्कळ कारणे सांगता येत होती आणि त्यातली बरीचशी खरीही होती. आता ती सरकारने सांगितले म्हणून सरकारच्या दारात आली आहे. दाराच्या आत आल्यावर तिचे जे होईल त्याचे उत्तर सासूकडे मागता येणार नाही.

हा विचार मी वाराणसीच्या संदर्भात मांडतो आहे, त्याला कारण आहे. मराठी माणसाला काशी ठाऊक असते ती घाटांमुळे, अहिल्याबाईंच्या देवळामुळे, ब्रह्माघाट-दुर्गाघाटावरील जुन्या मराठी वाड्यांमुळे. पूर्व उत्तर प्रदेशातल्या माणसाला मात्र ती आणखी एका कारणासाठी ठाऊक असते : तेथे मोठे दवाखाने आहेत. कबीरचौऱ्याला शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय आणि त्याच परिसरात सरकारी महिला रुग्णालय आहे, पांडेपूरला जिल्हा रुग्णालय आहे, आणि या सर्वांच्या वर बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय. चंदौली, गाझीपूर, बलिया, मिर्झापूर, सोनभद्र, इतकेच नव्हे तर पश्चिम बिहारातील कैमूर, बक्सरकडचा रुग्णही शेवटी तेथेच पोचतो. ज्या गावी मरण आल्यास मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे, त्याच गावी हजारो कुटुंबे जीव वाचेल या आशेने गाडी करून येत असतात. त्यांच्या मनात मोक्षाचा विचार नसतो.

आता या प्रवासाकडे प्रशासनाच्या नजरेने पाहू. सोनभद्रच्या एखाद्या खेड्यातील स्त्रीला कळा सुरू झाल्या. उपकेंद्रातील नर्सबाईने तपासले आणि सामुदायिक स्वास्थ्य केंद्रात पाठविले. (आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या जागी तिकडे हे केंद्र असते.) तेथे शस्त्रक्रियेची खोली आहे, पण भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे किंवा रक्तसाठ्याचा परवाना संपलेला आहे. म्हणून तिला जिल्ह्याच्या महिला रुग्णालयात पाठविले. तेथे रात्री तज्ज्ञ नव्हते, म्हणून 'बीएचयूला न्या' असे सांगितले. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर 'उच्च केंद्राकडे रेफर' इतकेच लिहिलेले. तिला कोणते इंजेक्शन दिले, रक्तदाब किती होता, रक्तस्राव केव्हापासून होता, हे त्या चिठ्ठीवर नाही. पुढच्या दवाखान्याला फोन केलेला नाही. पहाटे ती वाराणसीला पोचली आणि तासाभरात दगावली.

हे एका विशिष्ट स्त्रीचे वर्णन नाही. पण ज्यांनी जिल्ह्यात काम केले आहे त्यांना यातला एकही टप्पा अनोळखी वाटणार नाही. मृत्यूची नोंद कोठे झाली ? शेवटच्या पायरीवर. हलगर्जी कोठे झाली ? बहुधा त्या आधीच्या तीन पायऱ्यांवर. ज्या रुग्णालयाने सर्वांत अवघड रुग्ण स्वीकारला त्याच्या रजिस्टरात मृत्यू वाढला आणि ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांच्या रजिस्टरात 'संदर्भित' असा निर्दोष शब्द लिहिला गेला. आपल्या मासिक बैठकांतील तक्त्याला हा फरक कळत नाही. उलट, जो दवाखाना रुग्ण लवकर पुढे पाठवितो त्याचे काम तक्त्यात चांगले दिसते. ही व्यवस्था माणसांना काय शिकवते हे वेगळे सांगायला नको.

या दोषावर उपाय शोधलेला नाही असेही नाही. २०१० साली केंद्राने मातामृत्यूंच्या पुनरावलोकनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारून पुन्हा दिल्या. महाराष्ट्रात आपण याला मातामृत्यू अन्वेषण म्हणतो. गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत झालेल्या प्रत्येक मातामृत्यूची माहिती कळवायची, रुग्णालयात समितीने तपास करायचा, गावात जाऊन घरच्यांकडून घटनाक्रम लिहून घ्यायचा. आणि या सर्वांवर एक महत्त्वाची पायरी : खुद्द जिल्हाधिकाऱ्याने निवडक मृत्यूंचे पुनरावलोकन करायचे आणि त्या वेळी मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकायचे. ही कल्पना मुळात तामिळनाडूच्या अनुभवावर बेतलेली आहे. मला ती आपल्या आरोग्य प्रशासनातील सर्वांत शहाणपणाच्या कल्पनांपैकी एक वाटते. कारण कागदावरचे 'रुग्ण उशिरा आला' हे वाक्य आणि नवऱ्याने सांगितलेले 'आम्ही संध्याकाळी सहा वाजताच दारात होतो' हे वाक्य, ही दोन्ही एकाच खोलीत एकाच टेबलावर येण्याची ती एकमेव जागा आहे.

पण प्रत्यक्षात काय होते ? मी ज्या बैठका पाहिल्या त्यांत हा विषय लसीकरण आणि डासांची फवारणी यांच्या मध्ये कोठेतरी येतो. मृत्यूंची संख्या वाचली जाते, कारणांच्या रकान्यात 'रक्तक्षय', 'उच्च रक्तदाब', 'रक्तस्राव' असे लिहिलेले असते आणि पुढच्या विषयाकडे वळले जाते. रक्तस्राव हे मृत्यूचे कारण आहे हे डॉक्टरला सांगावे लागत नाही. प्रशासनाला कळायला हवे ते वेगळेच : रक्त का मिळाले नाही, कोणी कोणाला केव्हा सांगितले, गाडी किती वेळाने आली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००९ साली नेमक्या उत्तर प्रदेशातील मातामृत्यूंवर एक मोठा अहवाल काढला होता. त्याचा गाभा हाच होता की पैसा आणि योजना येत आहेत, परंतु मृत्यू कोठे, कसे आणि कोणत्या त्रुटीमुळे झाले याची मोजदाद नाही आणि नातेवाइकांनी तक्रार कोठे करायची याचा मार्ग नाही. अहवाल परदेशी संस्थेचा म्हणून अनेकांनी नाके मुरडली असतील. पण पुढच्याच वर्षी केंद्राच्या सूचना निघाल्या, हेही खरे.

शिवाय या सूचनांतच एक अपुरेपणा राहून गेला आहे. नातेवाइकांनी येऊन आपले निवेदन करायचे, शंकांना उत्तरे द्यायची आणि मग निघून जायचे. त्यानंतर अधिकारी आपसांत चर्चा करणार. निष्कर्ष कुटुंबाला लेखी कळविण्याची पद्धत मात्र रूढ झाली नाही. ज्याची बायको गेली तो माहिती देणारा साक्षीदार ठरतो. त्याचाही काही प्रश्न असेल आणि त्याला उत्तर मिळायला हवे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. पुरवठा विभागाकडे शिधापत्रिकेचा अर्ज केला तर त्याचा निकाल लेखी द्यावा लागतो. बायकोच्या मृत्यूचा निकाल मात्र तोंडीही मिळत नाही.

याच्या समर्थनार्थ नेहमी एक तत्त्व सांगितले जाते. पुनरावलोकनात कोणाचे नाव घ्यायचे नाही आणि कोणाला दोष द्यायचा नाही. हे तत्त्व मला मान्य आहे आणि त्यामागचे कारणही सबळ आहे. शिक्षेची भीती असेल तर माणूस खरे सांगणार नाही, केसपेपर बदलला जाईल, वेळ खोडून पुन्हा लिहिली जाईल. पण माझे म्हणणे असे की हे तत्त्व जिच्यासाठी होते तिला त्याचा लाभ मिळालाच नाही. जिच्या ड्यूटीत मृत्यू झाला ती परिचारिका किंवा तो तरुण डॉक्टर निलंबित होतोच, कारण बाहेर जमाव आलेला असतो आणि मंत्र्यांना संध्याकाळपर्यंत काहीतरी जाहीर करावयाचे असते. दोष न देण्याचे संरक्षण मिळते ते मात्र रिक्त पदाला, बंद पडलेल्या रक्तसाठ्याला आणि तीन महिने धूळ खात पडलेल्या दुरुस्तीच्या प्रस्तावाला.

भंडाऱ्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या लक्षात असेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके गेली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपविण्यात आली, आणि पुढे फौजदारी गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री त्या कोठे होत्या हा प्रश्न गैरलागू आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या इमारतीत अग्निसुरक्षेची पुरेशी व्यवस्था नसताना तो कक्ष सुरू कसा राहिला, हा प्रश्न ज्या टेबलांवरून फिरला त्या टेबलांवर कोणता गुन्हा नोंदला गेला ? १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तसेच घडले आणि पुन्हा दहा अर्भके पहिल्याच रात्री गेली. भंडाऱ्याच्या चौकशीतून जे कळले ते चार वर्षांत झाशीपर्यंत पोचले नव्हते.

याबाबत नव्या कायद्यातील एका तरतुदीकडेही लक्ष वेधावेसे वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. डॉक्टरांना ही सवलत का द्यावी हे समजू शकते. पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. एकाच प्रसूतिकक्षात, एकाच मृत्यूसाठी, ज्याच्या हाती निर्णय होता त्याला कमाल दोन वर्षे आणि जिने तो निर्णय अमलात आणला तिला कमाल पाच ! संसदेच्या मनात हे नसावे. पण कायदा असाच वाचला जाईल.

सरकारी रुग्णालयाकडे उत्तर मागण्याचा दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. या संदर्भात औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, एक खटला प्रत्येक प्रशासकीय अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात एका शासकीय अधिकाऱ्याची पत्नी बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आला, पोट दुखू लागले, जखम चिघळली. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा राहिलेला आढळला. त्याच महिन्यात ती स्त्री वारली. पती आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि त्यात असेही म्हटले की रुग्णालय चालविणे हे शासनाचे सार्वभौम कार्य आहे, त्यासाठी शासनाला नुकसानभरपाईस जबाबदार धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी हा दृष्टिकोन अमान्य केला. रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी काम आहे, सार्वभौम सत्तेचा वापर नव्हे, आणि बोळा नेमका कोणत्या डॉक्टरकडून राहिला हे ठरले नाही तरी शासनाची जबाबदारी टळत नाही, असा निर्णय दिला.

या निकालातील दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे. व्यक्तीचे नाव सिद्ध न होताही संस्थेचे उत्तरदायित्व ठरू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्या बोळ्याच्या निमित्ताने सांगितले. शस्त्रक्रियेनंतर बोळे मोजून घेण्याची पद्धत आहे की नाही आणि ती पाळली जाते की नाही, हे पाहणे संस्थेचे काम आहे. आपण मात्र अजूनही 'कोणी ठेवला' एवढेच विचारत बसतो. असो. निकाल उत्तम, पण तो यायला साडेबत्तीस वर्षे लागली. जो मुलगा त्या बाळंतपणात जन्मला तो तोवर बत्तीस वर्षांचा झाला होता.

ग्राहक न्यायालयाचा मार्ग तर गरिबाला बंदच आहे. १९९५ च्या प्रसिद्ध शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, पण जेथे सर्वांनाच मोफत सेवा दिली जाते ते रुग्णालय त्यातून वगळले. पैसे घेणाऱ्या खाजगी नर्सिंग होममध्ये बाळंत होणारी स्त्री ग्राहक आहे. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने ज्या सरकारी प्रसूतीचा सर्व खर्च मोफत केला, तेथे येणारी स्त्री ग्राहक नाही. मग ती कोण आहे ? लाभार्थी. आणि लाभार्थ्याने तक्रार करायची नसते अशी आपल्याकडे एक अलिखित समजूत आहे. मार्च २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीला मोठ्या धर्मादाय रुग्णालयात दाखल करून घेण्यावरून वाद झाला, पुढे दुसरीकडे प्रसूतीनंतर ती दगावली. तेव्हा आरोग्य विभाग, धर्मादाय आयुक्त आणि महापालिकेची मातामृत्यू समिती अशा वेगवेगळ्या चौकश्या लगोलग झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण ते कुटुंब बोलू शकत होते, त्याला ओळखी होत्या. सोनभद्रच्या पाड्यावरून आलेल्या बाईसाठी एक तरी चौकशी तितक्या तत्परतेने व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

उत्तरदायित्व कोठे लागू करायचे याविषयी आपला गोंधळ किती आहे याचे एक ताजे उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारीच्या रुग्णालयात सिझेरियननंतर एकामागून एक स्त्रिया आजारी पडल्या आणि पाचजणी दगावल्या. संशय शिरेतून दिल्या जाणाऱ्या रिंगर लॅक्टेट द्रावणावर गेला. पुरवठादार पश्चिम बंगालची कंपनी होती आणि तिच्या काही बॅचेस राज्याच्या तपासणीत आधीच अप्रमाणित ठरल्या होत्या. राज्याने औषध नियंत्रकाला निलंबित केले. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पश्चिम बंगालमधील मेदिनीपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतीनंतर एक स्त्री दगावली. तेथेही त्याच कंपनीचे द्रावण चर्चेत आले. तेथील सरकारने बारा डॉक्टर निलंबित केले. त्यांत अजून शिकत असलेले निवासी डॉक्टरही होते. वरिष्ठ डॉक्टर हजर नव्हते हा त्यांच्यावरील आक्षेप कदाचित खराही असेल. परंतु एकच बाटली आणि एकच प्रकारचा मृत्यू असताना एका राज्यात दोष पुरवठ्याचा ठरतो आणि दुसऱ्या राज्यात प्रशिक्षणार्थीचा, याचा अर्थ दोष तपासाने ठरत नसून सोयीने ठरतो.

वाराणसीलाही याचा अनुभव आहे. जून २०१७ मध्ये सर सुंदरलाल रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण दगावले आणि प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड औषधी दर्जाचा नव्हता, असे औषध प्रशासनाच्या तपासणीत पुढे आले. हे प्रकरण प्रसूतीपुरते नव्हते. पण सिझेरियनच्या टेबलावरील स्त्रीही त्याच नळीतून येणाऱ्या वायूवर विसंबून असते. सिलिंडरवरचा परवाना कोणी वाचायचा ? भूलतज्ज्ञाने, भांडारपालाने, की निविदा मंजूर करणाऱ्या समितीने ? ज्या कामाचे उत्तर तिघांनी द्यायचे असते ते काम बहुधा कोणीच केलेले नसते, हा खात्यांचा जुना अनुभव आहे.

येथे कोणी म्हणेल की चौकश्या आणि कायदे यांपेक्षा कामाची पद्धतच सुधारा. तसा प्रयत्नही उत्तर प्रदेशातच झाला, आणि तो फार मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टवर आधारित प्रयोग तेथील २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत झाला. निम्म्या केंद्रांना काही महिने प्रशिक्षक येऊन शिकवीत होते : हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, बाळ जन्मताच मातेला ऑक्सिटोसिन दिले का. दीड लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जेथे शिकविले तेथे दोन महिन्यांनंतर आवश्यक कृतींपैकी ७२.८ टक्के पार पडत होत्या, जेथे शिकविले नाही तेथे ४१.७ टक्के. फरक मोठाच होता. पण मातामृत्यू, अर्भकमृत्यू आणि मातेच्या गंभीर गुंतागुंती यांचे एकत्रित प्रमाण पाहिले तर ते १५.१ टक्के आणि १५.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

या निष्कर्षाने पुष्कळांची निराशा झाली. मला मात्र त्यात एक प्रामाणिक उत्तर दिसते. खालच्या पायरीवरची नर्स यादीप्रमाणे अधिक चांगले वागू लागली, पण तिच्या हाताबाहेरचे जे होते ते बदलले नाही. तिने धोका ओळखला तरी रक्त, भूलतज्ज्ञ आणि वेळेवर येणारी गाडी यादीतून निर्माण होत नाहीत. म्हणजे सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला सुधारून वरच्या व्यवस्थेचे काम भागत नाही, आणि तिला निलंबित करून तर नाहीच नाही.

याच्या जोडीला आपल्या शेजारचे, बेळगावचे काम पाहण्यासारखे आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकन संशोधकांच्या साहाय्याने बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत एक अभ्यास केला, तो २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना नर्सबाईंनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे रक्त मोजण्याची साधी प्लॅस्टिकची पिशवी. बाळंतिणीखाली पसरायची, खाली मापाच्या खुणा असलेली. बेळगावच्याच तपासणीत आढळले की नुसत्या नजरेने अंदाज केला तर रक्तस्राव प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भासतो. याच तत्त्वावर पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत प्रयोग झाला. रक्त मोजायचे आणि ठराविक मर्यादा ओलांडताच सर्व उपचार एकदम सुरू करायचे, अशी पद्धत ठेवली, तेव्हा गंभीर रक्तस्रावाचे परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे नर्सच्या हाती माप आले आणि त्या मापानंतर काय करायचे याची साधनेही आली. उत्तर प्रदेशातील प्रयोगात माझ्या मते यातला दुसरा भाग कच्चा राहिला.

परदेशाकडे पाहायचेच तर दोन्ही बाजू पाहाव्यात. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी १९५२ पासून चालते, आणि त्याच धर्तीवर केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शासनाच्या साहाय्याने २००४ पासून ती सुरू केली. नावे काढून टाकलेले केसपेपर तज्ज्ञ तपासतात, कोणालाही शिक्षा होत नाही आणि निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध होतात. पण त्याच ब्रिटनमध्ये श्र्यूजबरी येथील रुग्णालयाबाबत मार्च २०२२ मध्ये आलेला अहवाल भयंकर आहे. चांगली सेवा मिळाली असती तर २०१ अर्भके कदाचित वाचली असती, असे त्यात म्हटले आहे. हे बाहेर आले ते रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीतून नव्हे. मुले गमावलेल्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली म्हणून. गोपनीय चौकशी डॉक्टरांना शिकविते, पण कुटुंबाला बाहेर ठेवले तर तीच चौकशी झाकणही होऊ शकते.

म्हणून मला असे वाटते की एका मृत्यूसाठी दोन स्वतंत्र दारे असावीत. एका दारातून डॉक्टर आणि परिचारिका येतील, निर्धास्तपणे सांगतील, आणि तेथे बोललेले कोणत्याही शिस्तभंगाच्या प्रकरणात वापरले जाणार नाही. दुसऱ्या दारातून कुटुंब येईल आणि त्याला ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळेल. तुमच्या स्त्रीच्या बाबतीत काय घडले, काय घडायला हवे होते आणि आता कोणते पद कोणत्या तारखेपर्यंत भरले जाईल, इतके त्यात असावे. यातील दुसऱ्या दारासाठी नवीन कायदा, नवीन निधी किंवा नवीन पोर्टल लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या बैठकीचे इतिवृत्त तयार होतेच. त्यातील गोपनीय भाग वगळून एक पानाचे पत्र कुटुंबाला पाठवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागू नये.

रेफर चिठ्ठीबाबतही असेच. पाठविणाऱ्या डॉक्टरचे नाव, पाठविल्याची वेळ, पुढच्या रुग्णालयात कोणाशी फोनवर बोलणे झाले त्याचे नाव आणि 'का पाठविले' याचे एक वाक्य, एवढे नसेल तर ती चिठ्ठी अपूर्ण मानून नोंदवावी. आणि मासिक तक्त्यात मृत्यू ज्या रुग्णालयात झाला त्याच्या रकान्याशेजारी, त्या स्त्रीला आधी जेथून जेथून पुढे पाठविले त्या प्रत्येक केंद्राचे नाव लिहावे. हा एक रकाना वाढविला तर सुंदरलाल रुग्णालयाच्या नावे लागलेले मृत्यू किती केंद्रांत वाटले जातील, आणि त्यातील किती केंद्रांत भूलतज्ज्ञाचे पद कधीपासून रिक्त आहे, हे पहिल्याच बैठकीत दिसेल. त्या बैठकीत नर्सबाईला बोलावण्याआधी पदभरतीची फाईल ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवावे.